पाच वाजताचे मजूर

(शुभवर्तमान: मत्तय २०:१-१६)



पवित्र शास्त्रातले काही दाखले समजावून सांगताना आम्हा धर्मगुरूंची बरीच दमछाक होते. द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला मात्र नाशिक जिल्ह्यात समजावून सांगावा लागत नाही. निफाड, दिंडोरी, चांदवडच्या माणसाला द्राक्षबाग म्हणजे काय ते ठाऊक आहे. छाटणीच्या दिवसांत पहाटे गाडी काढून चौकात मजूर शोधत फिरणे त्याला ठाऊक आहे. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या टोळ्या, मजुरीची घासाघीस, दुपारचे ऊन आणि संध्याकाळी हिशेबाच्या वेळची कुरबुर हे सगळे आपल्या रोजच्या पाहण्यातले आहे. प्रभू येशूने हा दाखला जणू आपल्याच शिवारात गोडी छाटणीच्या हंगामात उभे राहून सांगितला.

मळ्याचा धनी पहाटे मजूर आणायला निघतो. दिवसाला एक दिनार असे ठरते. दिनार म्हणजे त्या काळी एका माणसाची दिवसभराची मजुरी, एका घराची एका दिवसाची भाकर. पुढे नऊ वाजता, बारा वाजता, तीन वाजता तो पुन्हा चौकात जातो आणि आणखी माणसे आणतो. दिवस मावळायला तासभर उरला असताना, पाच वाजता, तो पुन्हा जातो. अजून काही जण उभेच आहेत. का उभे आहात, असे विचारल्यावर ते म्हणतात की आम्हाला कोणी कामावर घेतलेच नाही. धनी त्यांनाही पाठवतो. संध्याकाळी कारभारी पैसे वाटतो, तेव्हा पाच वाजता आलेल्यालाही पूर्ण दिनार आणि पहाटे आलेल्यालाही तेवढाच. मग कुरबुर सुरू होते.

आज हा दाखला मी एका रकमेच्या शेजारी ठेवून वाचणार आहे. रक्कम तशी लहान आहे, दोन हजार रुपये.

तुम्हाला ते दिवस आठवत असतील. २४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. आपल्याकडे द्राक्षांची काढणी चालू होती. व्यापारी फिरकेनासे झाले, मजूर मिळेनासे झाले, माल वेलीवरच राहिला. अनेकांनी मिळेल त्या भावाने द्राक्षे विकली, अनेकांनी बेदाणा करायला घातली. दोन दिवसांनी, २६ मार्चला, केंद्र सरकारने १ लाख ७० हजार कोटी रुपयांची मदत जाहीर केली. त्यात ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांच्या खात्यात एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकी २,००० रुपये टाकू, असे सांगितले गेले. हे पैसे नवे नव्हते. २०१९ साली सुरू झालेल्या पीएम किसान सन्मान निधीचा वर्षाला ६,००० रुपयांपैकी एक हप्ता लवकर दिला गेला. जनधन खाते असलेल्या महिलांना तीन महिने ५०० रुपये आणि रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत, अशीही तरतूद होती. खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे वार ठरवून बँकेत बोलावले जात होते. तोंडाला पदर लावून उन्हात उभ्या असलेल्या त्या आयाबायांच्या रांगा मी अजून विसरलेलो नाही.

पहिली गोष्ट सांगतो ती हक्काने पैसे घेतलेल्या शेतकऱ्याला. तुम्ही ते घेतलेत यात लाज वाटण्यासारखे काही नाही. वर्षाला सहा हजार म्हणजे दिवसाला जेमतेम सोळा रुपये. त्यात कोणी श्रीमंत झाला नाही. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हा लासलगावच्या बाजारात भाव कसा पडला ते तुम्ही पाहिले. एका हाताने दोन हजार मिळाले आणि दुसऱ्या हाताने त्याहून कितीतरी जास्त गेले. ऑगस्टमध्ये देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल्वे सुटली, तिने काही माल वाचवलाही. पण शेतकऱ्याच्या कष्टाला योग्य भाव मिळणे हा न्याय आहे, आणि अडचणीत त्याला सरकारने हात देणे हाही न्यायाचाच भाग आहे. ती भीक नव्हे.

आता दुसरी गोष्ट. गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. त्यांच्या परवानगीने लिहितो. गुरुजी बराच वेळ हवापाण्याच्या गप्पा मारत बसले, आणि उठता उठता त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. तहसील कार्यालयाची ती जुनी नोटीस होती. गुरुजींच्या नावावर दीड एकर जमीन आहे. २०१९ मध्ये गावात याद्या होत होत्या, तेव्हा कोणीतरी आधार कार्ड आणि पासबुकाची झेरॉक्स मागितली. त्यांनी दिली. हप्ते येत गेले. सात हप्ते, चौदा हजार रुपये. पण दरमहा दहा हजार किंवा त्याहून जास्त निवृत्तिवेतन घेणारा माणूस या योजनेत बसत नाही. आयकर भरणारा बसत नाही, नोकरीतला सरकारी कर्मचारी बसत नाही, अगदी खालच्या श्रेणीतले कर्मचारी सोडून. पती, पत्नी आणि अज्ञान मुले मिळून एक कुटुंब, आणि एका कुटुंबाला एकच लाभ.

गुरुजी एकटे नाहीत. जुलै २०२१ मध्ये संसदेत सांगण्यात आले की देशभरातल्या सुमारे ४२ लाख अपात्र लोकांकडून सुमारे तीन हजार कोटी रुपये परत घ्यायचे आहेत. त्यात आपल्या महाराष्ट्रातलेही पुष्कळ होते.

"फादर, नोटीस आली तेव्हा कपाटात ठेवून दिली," गुरुजी म्हणाले. "पुढे कोणी विचारलेही नाही. पण मन खाते. सगळ्यांनीच घेतले हो. मोठमोठे लोक कोट्यवधी रुपये पचवतात, माझ्या चौदा हजारांनी काय होणार आहे?"

मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "असे करतो, तेवढे पैसे मी चर्चच्या दानपेटीत टाकतो. गोरगरिबांच्या कामी येतील."

बंधू-भगिनींनो, खरे सांगतो, क्षणभर मलाही मोह झाला. छपराची दुरुस्ती निघाली आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. पण मी त्यांना नाही म्हटले. ज्याचे घेतले त्याला परत करायचे असते. परतफेड देवाला देता येत नाही. देवाच्या नावाने दुसरीकडे वळवताही येत नाही. संत थॉमस अक्विनस यांनी न्यायाविषयी लिहिताना परतफेडीचा वेगळा आणि सविस्तर विचार केला आहे. त्यांचे सांगणे थोडक्यात असे: न्याय म्हणजे ज्याचे त्याला देणे. माझ्याजवळ दुसऱ्याचे आहे तोवर समतोल बिघडलेला असतो. नुसता पश्चात्ताप करून तो सावरत नाही. ती वस्तू परत गेली की सावरतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हे मला कोरडे वाटायचे. गुरुजींच्या हातातला तो घडीचा कागद पाहिला आणि त्यातले मर्म कळले.

जक्कय आठवा. तो यरीहोचा जकातदार होता, उंबराच्या झाडावर चढून बसलेला. प्रभू त्याच्या घरी जेवायला गेला तेव्हा त्याने दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ही एक. ज्याचे लुबाडले असेल त्याला चौपट परत करतो, ही दुसरी. दान वेगळे आणि परतफेड वेगळी, हे त्या जकातदाराला आपल्यापेक्षा चांगले कळले होते. दुसऱ्याच्या पैशातून दान होत नाही.

गुरुजींनी पैसे सरकारला परत केले. पावती दाखवायला आले तेव्हा चेहरा हलका झाला होता. पण जाताना त्यांनी असा प्रश्न विचारला की मी निरुत्तर झालो. "फादर, मी परत केले. पण ज्याला खरोखर गरज होती, त्याला ते मिळणार आहेत का?"

इथे तिसरी गोष्ट सुरू होते.

आपल्या शिवारात अनेक वर्षे द्राक्षाच्या कामाला येणारी एक बाई आहे. सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरची. छाटणी, विरळणी, डिपिंग, काढणी, सगळी कामे तिच्या हातची. टाळेबंदीत ती, तिचा नवरा आणि तीन लेकरे बागेच्या कडेला झोपडीत अडकली होती. काम थांबले, मजुरी थांबली. रेशनकार्ड गावी सासूकडे. तिच्या जनधन खात्यात पाचशे रुपये आले, तेवढेच. शेतकऱ्यांचे दोन हजार तुम्हाला मिळाले का, असे मी तिला नंतर कधीतरी विचारले होते. ती हसली. म्हणाली, "ते पैसे जमिनीला आले, फादर. आम्हाला कुठं जमीन?"

सातबारा ज्याच्या नावावर तो शेतकरी. योजना जमीनधारकांसाठी होती, म्हणून भूमिहीन मजूर तीत नव्हता आणि दुसऱ्याची शेती वाट्याने कसणाराही नव्हता. मार्च २०१८ मध्ये आपल्याच नाशिकहून हजारो शेतकरी मुंबईपर्यंत पायी गेले. त्यातले कितीतरी आदिवासी होते. पिढ्यान्पिढ्या कसलेली वनजमीन आमच्या नावावर करा, ही त्यांची एक मोठी मागणी होती. पायांचे फोड सगळ्या देशाने पाहिले. कागदावर नाव नसणे म्हणजे काय, हे त्या पायांना विचारावे.

सरकारवर टीका करून मला मोकळे व्हायचे नाही. एवढ्या मोठ्या देशात पैसे पोहोचवायचे तर यादी लागते, आणि यादी म्हटली की कोणीतरी बाहेर राहते. शिवाय मी बोलणार कोणत्या तोंडाने? ऐका.

एप्रिल २०२० मध्ये आपल्या धर्मग्रामातर्फे आपण धान्य वाटले. पीठ, तांदूळ, तूरडाळ, तेल, साबण. त्या वर्षी पाश्चाचा सण बंद चर्चमध्ये झाला. बाके रिकामी होती आणि मी एकटाच मिस्सा अर्पण करत होतो, पण धान्य पोहोचवण्याचे काम आपल्या तरुणांनी जिवावर उदार होऊन केले. यादी मी केली. धर्मग्रामाची वही समोर घेतली, ज्यांचे फोन नंबर होते त्यांना फोन केले. बासष्ट कुटुंबे निघाली. काम झाले म्हणून मला समाधान वाटले. दहाव्या दिवशी आपल्या कॉन्व्हेंटमधल्या एका धर्मभगिनीने मला विचारले, "फादर, चर्चमागच्या बागेतल्या झोपड्यांत कोण गेले होते?" कोणी गेले नव्हते. हाकेच्या अंतरावर नऊ घरे होती. त्यांची नावे माझ्या वहीत नव्हती, म्हणून ती माझ्या डोळ्यांतही नव्हती. त्यातले एक घर या बाईचे. त्या दहा दिवसांत तिने लेकरांना काय घातले, हे विचारण्याचे धैर्य मला आजवर झालेले नाही.

सातबारा पाहून सरकारने पैसे दिले. बाप्तिस्म्याची वही पाहून मी धान्य दिले. फरक काय?

तेव्हापासून हा दाखला वाचताना माझे लक्ष एका जागी थांबते. आपण सगळे मजुरीवर बोलतो, सारखे पैसे का दिले यावर वाद घालतो. पण त्याआधी धनी काय करतो ते पाहा. तो दिवसातून पाच वेळा चौकात जातो. पैसे वाटायला त्याचा कारभारी आहे, पण माणसे शोधायला तो स्वतः जातो. पाच वाजता चौकात कोणी उरले असेल, हे त्याला घरी बसून कळले नसते. ती माणसे आळशी होती म्हणून उभी नव्हती. त्यांना कोणी बोलावले नव्हते. त्यांचे नाव कोणाच्याच यादीत नव्हते.

आणि दिनार पूर्ण का? कारण पाच वाजता आलेल्याच्या घरीही रात्री चूल पेटायची असते. तासाप्रमाणे मजुरी दिली असती तर हिशेब बरोबर आला असता आणि लेकरे उपाशी झोपली असती. धन्याने पहिल्यांचे काही कापले नाही. ठरल्याप्रमाणे त्यांना पूर्ण दिले. दुसऱ्याला मिळाले म्हणून माझे कमी झाले, असे वाटणे हा डोळ्यांचा रोग आहे, असेच प्रभू शेवटी सुचवतो. २०१९ च्या कर्जमुक्तीच्या वेळी आपल्या गावागावांत हीच कुरबुर होती. आम्ही नियमित फेडले, मग थकबाकीदाराला माफी का? वाटणे स्वाभाविक आहे. पण ते मनात फार दिवस ठेवू नका, ते माणसाला आतून कडू करते.

२०२० च्या पाश्चाच्या दिवशी, १२ एप्रिलला, दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जगातल्या कष्टकऱ्यांच्या संघटनांना एक पत्र लिहिले. फेरीवाले, बांधकाम मजूर, छोटे शेतकरी अशांना कायद्याचे कसलेच संरक्षण नसते, टाळेबंदीत त्यांचे जगणे अशक्य होते, तेव्हा त्यांच्यासाठी किमान वेतनाची काही सार्वत्रिक सोय करण्याचा विचार व्हावा, असे त्यांनी सुचवले. महाराष्ट्राला ही कल्पना अगदी परकी नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्या राज्याने रोजगार हमीचे काम हाती घेतले, पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा केला. वि. स. पागे यांच्या प्रयत्नातून ते घडले. सातबारा असो वा नसो, मागेल त्याला काम. चौकात पाच वाजेपर्यंत कोणी उभे राहू नये, हाच त्याचा अर्थ होता.

आपण काय करायचे? थोडे आणि नेमके सांगतो.

ज्यांनी अपात्र असताना हप्ते घेतले असतील, त्यांनी गुरुजींसारखे करावे. नोटिशीची वाट पाहू नये. रक्कम मोठी असेल, एकदम जमत नसेल, तर माझ्याकडे या, तहसील कार्यालयात विचारायला मी बरोबर येईन. लाजेखातर कपाटात कागद ठेवू नका.

ज्यांच्या बागा आहेत, त्यांनी या छाटणीत मजुरांचा हिशेब अडवून ठेवू नये. दिवस मावळण्याआधी मजुराची मजुरी द्या, असे मोशेचे नियमशास्त्र सांगते, कारण त्याचा जीव त्या पैशावर टांगलेला असतो. १९८० साली याच नाशिक जिल्ह्यात कांद्याच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर बसले, तेव्हा आम्हाला भीक नको, घामाचे दाम हवे, असे शेतकऱ्यांचे म्हणणे होते. ते म्हणणे खरे होते, आजही खरे आहे. फक्त बागेतल्या मजुरालाही घाम येतो, एवढे लक्षात ठेवू या. मळ्यात पडलेले द्राक्षमणी वेचून घेऊ नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या, असेही लेवीयाच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात सांगितले आहे. आपल्या बांधावरच्या झोपडीत दिवा आहे का, पाणी आहे का, लेकरे शाळेत जातात का, हे पाहणे म्हणजे ते मणी राहू देणे.

आणि आपण सगळ्यांनी मिळून एक काम करायचे आहे. पुढच्या रविवारपासून दुसऱ्या मिस्सानंतर धर्मग्रामाच्या सभागृहात दोन तास मदतीचे टेबल लावू. रोजगार हमीचे जॉबकार्ड, असंघटित कामगारांसाठी २०२१ साली सुरू झालेली ई-श्रम नोंदणी, रेशनकार्डातली नावे, बँक खात्याला आधार जोडणे, या कामात आपली शिकलेली मुले मदत करतील. पण टेबल लावून वाट पाहत बसायचे नाही. चार-चार जणांनी संध्याकाळी बागांकडे जायचे आणि विचारायचे. ख्रिस्ती आहे का, हे विचारायचे नाही. नऊ घरांची ती ओळ मी स्वतः घेतली आहे. त्या बाईच्या घरापासून सुरुवात करणार आहे. सहा वर्षांपूर्वी जे विचारायला हवे होते, ते आता विचारीन. ती काय म्हणेल, मला ठाऊक नाही.

शेवटी एवढेच. आपण स्वतःला पहाटेचे मजूर समजतो. आजोबांपासून ख्रिस्ती, दर रविवारी मिस्साला, वहीत नाव. पण देवाच्या दृष्टीने पाहिले तर आपण सगळे पाच वाजताचेच आहोत. आपल्या कामाचा हिशेब लावून त्याने कृपा दिली असती, तर आपल्यापैकी कोणाच्या पदरात काय पडले असते? आपल्याला पूर्ण दिनार मिळाला आहे. तो मुठीत धरून आपण चौकाकडे पाहू या.

हे प्रभू, आमच्याजवळ दुसऱ्याचे असलेले परत करण्याचे धैर्य आम्हाला दे. आमचे आम्हाला मिळाले असताना दुसऱ्याकडे वाकड्या नजरेने पाहण्यापासून आम्हाला सोडव. जे कोणाच्याच यादीत नाहीत, त्यांची नावे तुला ठाऊक आहेत. ती आम्हालाही शिकव. आणि संध्याकाळ झाली तरी आम्हाला घरात बसू देऊ नकोस. आमेन.

प्रभूमध्ये तुमचा,
धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू